दारू नाही, सिऱ्होसिस नाही. तरीही यकृताचा कर्करोग

यकृताचा कर्करोग म्हटला की दारू आणि सिऱ्होसिस हे दोनच शब्द डोळ्यांपुढे येतात. हा समज अगदीच निराधार नाही. यकृताला वर्षानुवर्षे सूज येत राहिली की त्यात व्रणासारखे तंतू वाढतात आणि ते कठीण, गाठाळ होते. हाच सिऱ्होसिस. यकृताच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण याच वाटेने येतात. परंतु साधारणपणे पाचांपैकी एका रुग्णाला सिऱ्होसिस नसतोच. तपासणीची सारी व्यवस्था मात्र सिऱ्होसिसभोवती उभी आहे आणि हा पाचवा रुग्ण तिच्या नजरेतून निसटतो.

विषाणूचा थेट घाव

याचे एक प्रमुख कारण हेपॅटायटिस बी. हा विषाणू आपला डीएनए यकृतपेशींच्या डीएनएमध्ये मिसळू शकतो. त्यामुळे पेशींच्या वाढीवरील नियंत्रण बिघडून सिऱ्होसिसचा टप्पा न येताच कर्करोग उद्भवू शकतो. बुरशी लागलेल्या मक्यात व शेंगदाण्यात आढळणारे अफ्लाटॉक्सिन हे विष जोडीला असेल, तर धोका अनेक पटींनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे तीन कोटी लोकांना या विषाणूचा दीर्घकालीन संसर्ग होता. त्यांतील बहुतेकांना याची कल्पनाही नाही.

दुसरे कारण शहरांच्या अधिक परिचयाचे आहे. स्थूलता आणि मधुमेह यांच्यासोबत यकृतात चरबी साठते. या आजारातून होणाऱ्या कर्करोगात सिऱ्होसिस नसलेल्या रुग्णांचे प्रमाण इतर कारणांच्या तुलनेत अधिक आढळते.

पेच निगराणीचा

सिऱ्होसिसच्या रुग्णाला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीचा सल्ला दिला जातो. यकृतात केवळ चरबी असलेल्यांसाठी अशी शिफारस नाही, आणि त्यामागे कारण आहे. अशा व्यक्तींची संख्या कोट्यवधी आहे, तर त्यांतील प्रत्येकाचा कर्करोगाचा धोका अत्यल्प. सरसकट तपासणी कोणत्याही आरोग्ययंत्रणेला पेलणारी नाही. हेपॅटायटिस बीबाबत परिस्थिती वेगळी आहे. संसर्ग असलेल्या आशियाई वंशाच्या चाळिशीपुढील पुरुषांनी आणि पन्नाशीपुढील स्त्रियांनी सिऱ्होसिस नसतानाही नियमित तपासणी करावी, असे तज्ज्ञ संस्थांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मात्र संसर्ग आहे हेच ठाऊक नसेल, तर हा सल्ला कागदावरच राहतो.

यातील दैवदुर्विलास असा, की शस्त्रक्रियेचा सर्वाधिक लाभ याच रुग्णांना होऊ शकतो. उर्वरित यकृत निरोगी असल्याने गाठीसह मोठा भाग काढता येतो आणि यकृत पुन्हा वाढते. परंतु निगराणीअभावी गाठ लक्षात येते तीच पोटात दुखू लागल्यावर किंवा वजन घटल्यावर. तोवर ती बरीच मोठी झालेली असते.

लस आहे, पण...

तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना हेपॅटायटिस बीची लस देण्यास सुरुवात केली आणि पुढे तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. भारतात २००२ मध्ये ही लस प्रायोगिक तत्त्वावर आली. देशभर ती पोहोचण्यास २०११ उजाडले. म्हणजेच आजच्या प्रौढांपैकी ज्यांनी स्वतःहून लस घेतली नाही, ते या कवचाबाहेर आहेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी व उपचार मोफत आहेत. चरबीयुक्त यकृताच्या आजाराचाही २०२१ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश झाला.

योजना आहेत, औषधे आहेत; उणीव आहे ती चाचणीची. रक्तदाब आणि साखर तपासून घेणारा शहरी मध्यमवर्ग हेपॅटायटिस बीची साधी रक्तचाचणी आयुष्यात एकदाही करीत नाही. 'आपण दारू पीत नाही' हे समाधान पुरेसे नाही, हे जितक्या लवकर उमगेल, तितके हा पाचवा रुग्ण वेळेत सापडण्याची शक्यता वाढेल.