स्लॅशर रानात उतरण्याआधी

पावसाळा सरला की बांधावर, बागेच्या ओळींमध्ये आणि पडीक रानात कमरेएवढं गवत माजतं. त्यात गाजरगवत आणि घाणेरीची झुडपं. विळ्याने हे कापायला माणसं मिळत नाहीत, म्हणून ट्रॅक्टरमागे स्लॅशर जोडला जातो, स्वतःचा नसेल तर भाड्याचा. रोटाव्हेटरला घरातले सगळे घाबरतात, कारण त्याची पाती दिसतात. स्लॅशरची पाती पत्र्याखाली झाकलेली असल्याने तो गरीब वाटतो.

खरा धोका मात्र पात्यांच्याही आधी सुरू होतो. ट्रॅक्टरची ताकद स्लॅशरपर्यंत नेणारा पीटीओ शाफ्ट साधारण मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. शाफ्ट तीन इंच जाडीचा धरला, तर एका सेकंदात दोन मीटरहून जास्त कापड त्याभोवती गुंडाळलं जातं. पदर अडकला हे कळेपर्यंत निम्मी साडी गेलेली असते. ओढणी, उपरणं, सैल लुंगी यांचंही तेच. शाफ्टवर प्लॅस्टिकचं आवरण असतं, पण ते तुटलं की परत बसवायचा कंटाळा केला जातो. भाड्याच्या यंत्रावर तर हमखास नसतं. आवरण नसेल तर यंत्र परत पाठवा. चालक कुरकुर करेल, करू द्या. शेतात काम करताना साडीवरून शर्ट घालायची आपल्या बायकांची पद्धत चांगलीच, तरी फिरत्या शाफ्टजवळ जायला ती पुरेशी नाही.

कापणीआधी रान पायी फिरून बघा. दगड, तारेचे तुकडे, ठिबकच्या नळ्या, बाटल्या उचला. पात्याखाली आलेला दगड गोळीसारखा सुटतो. पुढच्या-मागच्या साखळ्या किंवा रबरी पट्ट्या तो अडवण्यासाठीच असतात. त्या असल्या तरी शंभर मीटरच्या आत कोणी उभं राहू नये.

आणि मुलं. मडगार्डवर नातवाला बसवून फेरी मारण्याची हौस अनेक घरांत आहे. एका खड्ड्याने मूल खाली पडलं, तर आधी ट्रॅक्टरचं मागचं चाक येतं आणि त्यामागे स्लॅशर. ब्रेक दाबायला वेळच उरत नाही. चालकाशिवाय ट्रॅक्टरवर कोणीही नको.

गवत अडकलं तर पीटीओ बंद, स्लॅशर जमिनीवर, इंजिन बंद, किल्ली खिशात. पाती त्यानंतरही काही वेळ फिरत राहतात, ती पूर्ण थांबू द्या. खाली हात घालायचा असेल तर स्लॅशर उचलून त्याखाली भक्कम ठोकळे लावा. नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेलं यंत्र कधीही खाली बसू शकतं.

चहा घेऊन जाणाऱ्याने मागून जाऊ नये. त्या आवाजात हाक ऐकू येत नाही. लांब बांधावर, चालकाला समोरून दिसेल असं उभं राहून हात करावा. इंजिन बंद करून तो खाली उतरला की मगच किटली पुढे न्यावी.