भिंगवाल्यांची जत्रा

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. छायाचित्रणाच्या हौसेत मात्र हल्ली मोलाखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही. नांदेडला, लातूरला आणि आता आमच्या लोह्यालाही चार कॅमेरेवाले जमले, की पहिला प्रश्न येतो तो 'बॉडी कोणती घेतलीस?' हा. काय टिपलेस, हे विचारायचे राहूनच जाते. रविवारी सकाळी कंधारच्या किल्ल्यावर सहल निघते, खंदकाकाठी बैठक बसते, भिंगांच्या किमतींचा काथ्याकूट होतो, आणि तेवढ्यात तटावरचे कोवळे ऊन निघून जाते. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचे ते गाव. त्याने पुष्कळ लढाया पाहिल्या असतील. कॅनन मोठा की निकॉन, या लढाईचा निकाल मात्र त्याच्याही नशिबी दिसत नाही.

माझे म्हणणे पुष्कळांना कडू लागेल, पण सांगतोच. या मंडळींना छायाचित्रकार म्हणण्याऐवजी मी सरळ गिऱ्हाईक म्हणेन.

थोडा हिशेब मांडू. शाळामास्तराला तेवढा येतो. पन्नास मिलिमीटरचे एक भिंग १.८ छिद्राचे आणि दुसरे १.२ छिद्राचे. दुसऱ्यातून उजेड येतो सव्वादोन पट, आणि किंमत पडते कित्येक पट! आता दुसरे गणित. ८ बाय १२ इंचांची उत्तम प्रत काढायची आणि इंचाला ३०० ठिपके धरायचे, तर ८६ लाख ठिपक्यांत काम भागते. बाजारात साडेचार कोटी ठिपक्यांचे कॅमेरे हातोहात खपतात. ते घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी ८ बाय १२ ची एक तरी प्रत कागदावर काढली आहे? चित्र निघते, मोबाईलच्या पडद्यावर बोटाने पुढे सरकते आणि कायमचे नाहीसे होते.

वाचकहो, तुमच्यापैकी काहींच्या घरी आग्फाचा 'क्लिक थ्री' असेल. एका रोलात बारा चित्रे. त्या बारांत मुंज यायची, आजोबा यायचे, नवी सायकल यायची आणि एखादे चित्र उगाच वाया जायचे. पण ती चित्रे आजही ट्रंकेत सापडतात. होमाई व्यारावाला यांनी दिल्लीत १९४२ पासून वृत्तछायाचित्रण केले ते अवजड 'स्पीड ग्राफिक' घेऊन. दर चित्रामागे फिल्म बदला, दिव्याचा गोळा बदला, अशी तऱ्हा. फ्रान्सचे कार्तिए-ब्रेसाँ १९४८ च्या जानेवारीत गांधीजींना भेटले, त्याच दिवशी गांधीजींची हत्या झाली. त्या गृहस्थांनी आपले बहुतेक आयुष्य एका लहानशा लायकावर आणि पन्नासच्या भिंगावर काढले. 'याहून मोठे भिंग असते तर' असा सुस्कारा त्यांनी टाकल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

यावर एक ठरलेले उत्तर येते. 'लाला दीनदयाळांनी काय मोबाईलवर चित्रे काढली?' नाही काढली. निजामाच्या दरबारचे ते छायाचित्रकार. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात. लाकडी कॅमेरे आणि काचेच्या पट्ट्या हे त्या काळाचे साधन होते, ते त्यांनी वापरले. पण त्यांनी १८९२ च्या सुमारास हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला, हे आमचे भिंगवाले कधी सांगत नाहीत. बाई आत जायची आणि तिची तसबीर तिच्या घरी पोचायची. या बाया सरदार-अमिरांच्या घरच्या, हे खरेच. लोहा-कंधारकडच्या कुणब्याच्या बाईला तेव्हा कोणी विचारले नव्हते, आणि माझा वाद इथेच सुरू होतो; कारण आजही कोणी विचारत नाही.

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, लाल कंधारी वळू, वाघ्या-मुरळी, तमाशाचे फड, उधळलेला भंडारा. कॅमेऱ्याला इतके खाद्य दुसरीकडे मिळणे कठीण. म्हणून तिथे आता भिंगवाल्यांचीही एक जत्रा भरते. दहा-दहा लाखांची भिंगे खांद्यावर टाकून ही मंडळी सुरकुत्या शोधीत हिंडतात. सुरकुतलेली म्हातारी, चिलमीचा धूर, मोठे मुंडासे, एवढे सापडले की स्पर्धेची सोय झाली. 'आजी, इकडं बघा.' 'मामा, भंडारा परत एकदा उधळा.' देवापुढे उधळलेला भंडारा या साहेबांसाठी दुसऱ्यांदा उधळायचा! म्हातारीचे नाव कोणी विचारीत नाही. चित्राखाली मथळा मात्र येतो, 'जीवनसंघर्ष'.

आमच्या वर्गातल्या एका पोराची आजी वारली. दहाव्याच्या आधी ते पोरगे माझ्याकडे आले. "सर, आमच्या आजीचा फोटो हाय का वो तुमच्यापाशी? जत्रंत लई जणांनी काढलाय म्हनं." माझ्यापाशी नव्हता. शेवटी दुकानदाराने आधार कार्डावरचे बोटभर चित्र मोठे करून दिले. डोळे फुटलेले, ओठ पुसट, मागे निळा पडदा आणि अंगावर संगणकाने चढवलेली कुणा परकीची शाल. तालुक्यात कोणत्याही घरात जाऊन भिंत पाहा. आधार कार्डातून वर आलेल्या अशा कितीतरी आज्या तिथे हार घालून बसल्या आहेत. त्यांतल्या काहींचे उत्कृष्ट, अगदी पापणीचा केस मोजता येईल असे चित्र कुणाच्या तरी पेटीत पडून आहे. त्या घराला त्याचा पत्ताही नाही.

मोठ्या भिंगाशी माझे वैर नाही. लिंबोटीच्या जलाशयावर दूर बसलेला पक्षी पन्नासच्या भिंगात मुंगीएवढा दिसतो, आणि मध्यरात्रीच्या जागरणात दिवटीच्या उजेडावर मोबाईल रडतो, हे मलाही ठाऊक आहे. ज्याला पक्ष्यांचा नाद आहे त्याने खुशाल लांब भिंग घ्यावे. पण तीन हातांवर उभ्या असलेल्या माणसाचे चित्र काढायला तीन किलोंची तोफ कशाला?

४ बाय ६ ची प्रत दहा-वीस रुपयांत निघते. दहा लाखांच्या व्याजाचे राहू द्या, परतीच्या वाटेवरच्या चहा-भज्यांच्या पैशांत अशा पाच-सहा होतील. वळूवाल्याला त्याच्या वळूसोबतचे चित्र मिळाले, तर तो ते चौकट करून दारावर लावील. कोणत्याही स्पर्धेचे परीक्षक ते इतक्या वेळा पाहणार नाहीत.

'पण पत्ता कसा शोधायचा?' असे परवा एका भिंगवाल्याने मला विचारले. प्रकाशाचे मोजमाप करणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडावा! चित्र काढल्यावर नाव विचारावे, गाव विचारावे, कोणत्या पालात उतरलात ते विचारावे. यात्रा काही दिवस चालते, आणि छापणारी यंत्रे आता पिशवीत मावतील एवढी झाली आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पालावर जावे. चहा तेच पाजतील.