धर्म पाहून नोकरी नाकारली, तर कायदा कुठे आहे?

मे २०१५ मध्ये मुंबईच्या हरिकृष्ण एक्सपोर्ट्स या हिरे कंपनीने एका एमबीए तरुणाला ईमेलने कळवले : आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो. गुन्हा नोंदला गेला, तो दंड संहितेच्या १५३-ब खाली. कंपनीने चूक प्रशिक्षणार्थी कर्मचाऱ्यावर ढकलली.

संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे. खासगी मालकाने लिंग, अपंगत्व, एचआयव्ही यांवरून भेदभाव करू नये, असे कायदे आहेत. धर्मासाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये सुचवलेला समान संधी आयोग अजून झालेला नाही.

मुरुडहून पुण्यात मुलाखतीला येणाऱ्या आम्हा पोरांना उपकार नकोत. मालकावर बंधन हवे, आणि तक्रार करणाऱ्याच्या नोकरीला संरक्षण. तोवर प्रत्येक ईमेल जपून ठेवा. मत मागायला येणाऱ्याला विचारा : हा कायदा कधी?