शाळेच्या पेटीचे चामडे बदला

तुमच्या शाळेत जिन्याखालच्या अडगळीत किंवा संगीताच्या कपाटात एखादी जुनी पेटी पडलेली असेल. जडवस्तू नोंदवहीत तिच्यापुढे ‘नादुरुस्त, निर्लेखित करावी’ असा शेराही असेल. काय बिघडले म्हणून विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. भाता मारून मारून हात भरून येतो, पण आवाज निघत नाही. पट्टीला हात न लावता एखादा सूर आपोआप वाजत राहतो. प्रार्थनेला आता मोबाईल आणि ध्वनिक्षेपक आहे, तेव्हा हवी कशाला ही अडगळ?

माझे म्हणणे असे की, अशा बहुतेक पेट्या बिघडलेल्याच नसतात. त्यांच्यातले चामडे झिजलेले असते, आणि ते झिजावे म्हणूनच तिथे बसवलेले असते. नळाचा वायसर गेला म्हणून कोणी नळ भंगारात देत नाही. मग पेटीलाच ही शिक्षा का?

पेटी उघडून पाहा. बाहेरचा भाता आपण हाताने हलवतो, हे सर्वांना दिसते. त्याच्या आत आणखी एक भाता असतो. स्प्रिंग त्याला सतत दाबून धरते, म्हणून आपला हात मागे-पुढे होत असतानाही सुरांना हवा एकसारखी मिळते. या दोहोंमधील फळीला भोके असतात व त्यांवर चामड्याची सैल झडप असते. हवा आत जाताना झडप उघडते, परत येऊ लागली की मिटते. तुमच्या हृदयातल्या झडपांचे काम याहून वेगळे नाही. भात्याच्या घड्या जिथे दुमडतात ते कोपरेही चामड्याचेच. वर प्रत्येक पट्टीखाली एक लांबट भोक असते, आणि त्यावर पट्टीची गादी बसते. ही गादी म्हणजे लोकरीचा नमदा व त्याखाली पातळ, मऊ चामडे. पट्टी दाबली की गादी उचलली जाते, हवा पितळी जिभेवरून जाते आणि जीभ कंप पावते. त्या जिभेलाच पेटीवाले ‘सूर’ म्हणतात. पितळी जीभ जपून वापरली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तिच्या वरचे चामडे मात्र तितके टिकत नाही.

आता थोडे गणित करू. आतल्या भात्यातील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा ५ सें.मी. पाण्याच्या स्तंभाइतका जास्त आहे असे धरा. (आपल्या पेटीत तो नेमका किती, हे पारदर्शक नळीची यू-नळी करून व तीत रंगीत पाणी भरून मोजता येईल. जरूर मोजा.) १ सें.मी. पाणी म्हणजे सुमारे ९८ पास्कल, तेव्हा ५ सें.मी. म्हणजे ४९० पास्कल. भोकाचे क्षेत्रफळ ३ चौ. सें.मी. धरले, तर गादीला खालून वर ढकलणारे बल सुमारे ०.१५ न्यूटन, म्हणजे १५ ग्रॅम वजनाइतके झाले. हे बल झेलून शिवाय चामडे भोकाच्या कडेवर दाबून बसवण्याचे काम पट्टीच्या स्प्रिंगला करावे लागते. चामडे मऊ असेल तर ते कडेच्या बारीकसारीक उंचसखलपणाशी जुळवून घेते आणि थोड्या बलात फट बुजते. वर्षानुवर्षे दाब बसून त्यात भोकाच्या कडेचा चर पडला, ते कडक झाले, की तेवढ्याच बलात फट राहते. मग सूर आपोआप वाजू लागतो.

इथे एक चुकीचा उपाय सर्रास होतो. चामडे बदलण्याऐवजी स्प्रिंग जोरदार करून देतात. गळती तात्पुरती थांबते, पण पट्ट्या जड होतात, आणि सहावी-सातवीतल्या मुलाची बोटे तासाभरात दुखू लागतात. मग ‘मुलांना हल्ली पेटीची आवड नाही’ असे म्हणायला आपण मोकळे!

परदेशी वाद्येही याला अपवाद नाहीत. पियानोत हवा नसते, हातोड्या तारांवर आपटतात. तरी तिथेही चामडे आहेच. इटलीतील क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास पहिला पियानो घडवला, तेव्हा त्याच्या हातोड्यांच्या तोंडाशीच चामडे होते. पुढे पॅरिसच्या पाप याने १८२६ मध्ये तिथे नमदा आणला. परंतु पियानोच्या आतल्या यंत्रणेत चामडे राहिले. मोठ्या आडव्या पियानोत प्रत्येक हातोडीच्या दांड्याखाली चामडे गुंडाळलेली एक लहानशी गुंडाळी असते. पट्टी दाबली की एक लाकडी बोट तिला वर ढकलते आणि लगेच तिच्याखालून निसटते. इथे घर्षण कमी हवे, म्हणून कारागीर त्या चामड्यावर ग्राफाइटसारखी भुकटी चोळतात. तार वाजवून हातोडी खाली आली की मात्र तिला पकडून ठेवणारा दुसरा चामडी ठोकळा असतो. तिथे घर्षण भरपूर हवे, म्हणून ते चामडे खरखरीत ठेवतात. एकाच पदार्थाकडून दोन उलट कामे! पहिले चामडे दबून चपटे झाले की पट्टी जड वाटते व जलद वाजवताना सूर गळतात. दुसरे गुळगुळीत झाले की हातोडी उसळून पुन्हा तारेवर जाऊ शकते. अशा ८८ जागा. पियानोवाले हे चामडे बदलतात आणि पियानो पुन्हा वाजू लागतो. त्याला कोणी निर्लेखित करीत नाही, कारण किंमत मोठी असते. आपली पेटी स्वस्त, एवढाच तिचा अपराध.

‘चामडेच कशाला, रेक्झिन लावा, प्लॅस्टिक लावा’ असे कोणी म्हणेल. चामड्याचा माझा हट्ट नाही. हातपंपाचेच पाहा. जालना आणि सोलापूर येथे घडलेल्या पंपांचा अनुभव घेऊन १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला. त्याच्या दट्ट्याला चामड्याचे वाटीसारखे वायसर असत. पुढे नायट्राइल रबराचे वायसर आले आणि ते अधिक टिकले. तिथे रबर जिंकले, आनंद आहे. उलट उदाहरण स्टाइनवे या पियानो कंपनीचे. न्यूयॉर्कच्या कारखान्यात तिने १९६२ पासून सांध्यांतील लोकरी कापडाऐवजी टेफ्लॉन बसवायला सुरुवात केली. टेफ्लॉन झिजत नाही, पण ते लाकडाबरोबर फुगत-आकसतही नाही. ऋतू बदलला की सांधे टकटकू लागले, आणि सुमारे वीस वर्षांनी कंपनी पुन्हा कापडाकडे वळली. पदार्थ टिकाऊ आहे की नाही एवढेच पाहून चालत नाही, शेजारच्या लाकडाशी त्याचे जुळते का हेही पाहावे लागते. रेक्झिन म्हणजे कापडावर दिलेला पीव्हीसीचा थर. त्याला मऊ ठेवणारी द्रव्ये हळूहळू निघून जातात, आणि नेमक्या घडीवर तो तडकतो. भात्याच्या सपाट भागावर रेक्झिन चालेल. गादीवर आणि झडपेवर नको. ज्यांना तत्त्व म्हणून चामडे नको असेल त्यांनी दाट लोकरी नमदा वापरून पाहावा. गळती थोडी जास्त राहील, पण पेटी वाजेल.

चिकटवायला सरस वापरावा. लाकडाला लावतात तो पांढरा डिंक सोपा आहे खरा, पण तो चामड्यात मुरून त्याला ताठ करतो, आणि पुढच्या खेपेस निघता निघत नाही. सरस ऊन पाण्याच्या फडक्याने सुटतो. जो भाग पुन्हा बदलायचाच आहे, तो सुटेल असाच चिकटवला पाहिजे.

चामडे सडते कसे, याचीही मोठी मौज आहे. कातड्यातील कोलॅजन हे प्रथिन. बाभळीची साल, हिरडा यांतील टॅनिन त्याला घट्ट धरते, म्हणून कमावलेले कातडे कुजत नाही. आपल्या सह्याद्रीतला हिरडा या कामी प्रसिद्ध आहे. पण हवेत गंधकाची संयुगे असली की आम्ल तयार होऊन असे चामडे तांबूस, भुसभुशीत होऊ लागते. लंडनच्या अथेनियम क्लबातील खुर्च्यांचे चामडे का खराब होते, याचा छडा १८४३ मध्ये मायकेल फॅरेडेने लावला होता. दोष गॅसच्या दिव्यांतून येणाऱ्या गंधकाचा निघाला. मानपाडा नावाची जागा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरही आहे आणि डोंबिवलीतही. डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्याच्या अंगाला एमआयडीसी आहे, आणि तिथल्या हवेविषयी आम्हा रहिवाशांना कोणी शिकवायला नको. त्यात चार महिने पाऊस. पेटीचे चामडे पावसाळ्यात दमट होऊन बुरशी धरते आणि मे महिन्यात वाळून ताठ होते. इथल्या आगरी गावांतली भजनी मंडळे गणपतीच्या आधी पेटी कारागिराकडे नेऊन आणतात, कारण ती त्यांना वाजवायची असते.

कारागीर मिळत नाही ही शाळांची सबब अगदीच खोटी नाही. पेटीचे जाणकार कमी होत चालले आहेत. परंतु चामडे जाणणारा माणूस प्रत्येक स्टेशनाबाहेर बसलेला आहे. पेटीसाठी चामड्याची कड रापीने तासून कागदासारखी पातळ करावी लागते, नाहीतर जोड फुगतो. हे काम पुस्तकात वाचून येत नाही, चर्मकाराच्या हाताला ते येते. त्याला मानधन देऊन दोन तास प्रयोगशाळेत बोलवावे आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी त्याच्या शेजारी बसून शिकावे, असे माझे मत आहे. काही घरांतून अजूनही चामड्याला हात लावायला नाक मुरडतात. तबला, मृदंग, पेटी देवापुढे चालते, आणि ते चामडे ज्याने कमावले, कापले त्याची जात काढली जाते, यात विज्ञान तर नाहीच, साधी माणुसकीही नाही. नववीतल्या मुला-मुलींच्या हातात रापी आणि मेंढीच्या कातड्याचा तुकडा आला, तर दाब, घर्षण आणि झडप हे धडे त्यांना निराळ्या पद्धतीने समजतील, आणि आणखीही काही समजेल.

विद्यार्थी मित्रांनो, शिक्षकांची परवानगी काढून सुरुवात मोजमापापासून करा. पुढच्या खुंट्या बंद करून, कोणतीही पट्टी न दाबता भाता पूर्ण भरा आणि आतला भाता किती सेकंदांत खाली बसतो ते घड्याळावर पाहा. मग खुंट्या उघडून तेच करा. खुंट्या बंद असतानाच हवा भराभर जात असेल तर गळती भात्यात किंवा झडपेत आहे. बंद असताना टिकते आणि उघडल्यावर जाते, असे असेल तर दोष गाद्यांत. प्रत्येक प्रयोग पाच वेळा करून सरासरी काढा. दुरुस्तीनंतर हीच आकडेवारी पुन्हा घ्या, आणि जडवस्तू नोंदवहीत त्या जुन्या शेऱ्याच्या खाली दोन्ही आकडे तारखेसह लिहा. काम दिवाळीच्या सुट्टीनंतर काढलेले बरे, हवा कोरडी असते. सरस लावल्यावर गाद्या रात्रभर वजनाखाली ठेवा, आणि सकाळी घाईने भाता मारू नका.