पावसाळाभर उभी गाडी
कोकणातल्या घरी जून ते सप्टेंबर गाडी उभी ठेवायची असेल, तर प्लास्टिकचं कव्हर आधी बाजूला करा. त्याखाली दमट हवा कोंडते आणि पत्र्याला गंज धरतो. हवा खेळेल असं कापडी कव्हर घाला. टाकी भरा, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. हँडब्रेक मात्र ओढू नका, ओलाव्यानं ब्रेक चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. शेजाऱ्यांना ‘अधूनमधून पाच मिनिटं सुरू करा’ म्हणून किल्ली देणं मला पटत नाही. तेवढ्यात इंजिन धड तापत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. आणि सीटखाली बिस्किटाचा चुराही राहू देऊ नका. त्या वासानं उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात.