दोन ऑगस्टचा दिवस आणि पंधरा ऑगस्टचा बाजार

ऑगस्ट उजाडला की तिरंग्याचा बाजार भरतो. टोप्या, फिती, मनगटी पट्टे, गालावर चिकटवावयाची चित्रे, मोटारीच्या काचेमागे ठेवावयाचे चिमुकले झेंडे. फार काय, मिठाईच्या डब्यासही तीन रंग चढतात. खडोलीसारख्या कारखान्यांच्या गावी काय किंवा सिल्वासाच्या पेठेत काय, चित्र निराळे नाही. बेळगाव-निपाणीच्या आमच्या वाचकांसही ते परिचयाचेच आहे. परंतु दादरा-नगर हवेलीच्या भूमीत या बाजाराच्या ऐन तोंडावर आणखी एक दिवस येतो आणि मुकाट्याने निघून जातो. त्याच्यासाठी कोणा दुकानदारास निराळा माल मागवावा लागत नाही. तो दिवस २ ऑगस्टचा.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्यापूर्वी जुलैच्या उत्तरार्धात दादरा व नरोली ही ठाणी पडली होती. १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी पोर्तुगीजांच्या पदरात टाकलेला हा मुलूख मूठभर तरुणांनी परत मिळविला. विश्वनाथ लवंदे, राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी किती नावे सांगावी? कोणी गोव्याचा, कोणी पुण्याचा, कोणी मुंबईचा. दिल्लीची फौज त्यांच्या पाठीशी नव्हती. हत्यारांसाठी पैका हवा होता, म्हणून पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा जलसा करून निधी उभारला गेला. तिकिटे विकली गेली, लोकांनी ती घेतली, आणि त्या पैशाचे काय झाले हे पुढे सिल्वासाने पाहिले. व्यापार आणि देशभक्ती यांचे जन्माचे वैर आहे असे मानणाऱ्या सोवळ्या मंडळींनी हा दाखला ध्यानी ठेवावा.

आणखी एक गोष्ट. त्या दिवशी सिल्वासात तिरंगा चढला खरा, परंतु कायद्याच्या दृष्टीने ही भूमी भारतात आली ती सात वर्षांनी, ११ ऑगस्ट १९६१ रोजी. मधल्या काळात वरिष्ठ पंचायतीने येथील कारभार पाहिला. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा मांडला. १२ एप्रिल १९६० रोजी त्याचा निकाल लागला. मुलकी वाहतुकीपुरता पोर्तुगालचा वाटेचा हक्क मान्य झाला, परंतु फौजफाटा नेण्याचा हक्क न्यायालयाने मानला नाही. म्हणजे कायदा मागाहून आला, ध्वज आधी. सीमाभागात १९५६ पासून कायद्याच्या दारात तिष्ठत उभ्या असलेल्या आम्हा लोकांस या क्रमाचे मोल निराळे सांगावयास नको.

अशा या दिवसाची सार्वजनिक सुट्टी १९५४ पासून २०२० पर्यंत अखंड चालली. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर हवेली व दमण-दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले, आणि २०२१ च्या यादीत २ ऑगस्ट हा दिवस नव्हता! एका आदिवासी गृहस्थाने त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने अर्ज फेटाळला. सार्वजनिक सुट्टी मिळणे हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे, आणि आपल्या देशात सुट्ट्या कदाचित जरुरीपेक्षा अधिकच झाल्या आहेत, असा न्यायमूर्तींचा अभिप्राय पडला.

कायद्याचा अर्थ लावणे हे न्यायालयाचे काम आणि तो त्यांनी लावला; त्याविषयी आमची तक्रार नाही. सुट्ट्या फार झाल्या हे म्हणणेही आम्ही सर्वस्वी खोटे ठरविणार नाही. २ ऑगस्टची सुट्टी चालू होती तेव्हा तरी किती घरांत मुलांस फिदाल्गो कोण, खानवेलकडे तो का पळाला, हे सांगितले जात होते? पुष्कळांच्या लेखी तो पावसाळी सहलीचा दिवस झाला होता. परंतु सुट्टीचा दुरुपयोग होतो म्हणून सुट्टी काढावयाची असेल, तर पंचांगातील एकही दिवस वाचणार नाही. हक्क नाही असे न्यायालय म्हणाले. देऊ नये असे ते म्हणाले नाही. देणे न देणे प्रशासनाच्या हाती उरले, आणि जबाबदारीही तेथेच उरली.

हा प्रश्न भावनेपुरता असता तर आम्ही इतकी शाई खर्चिली नसती. कचेरीतला कारकून अर्ज टाकून रजा घेईल. खडोलीच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या मजुराने काय करावे? त्याने झेंडावंदनास यावे तर हजेरी बुडते, आणि न यावे तर 'लोकांनाच दिवसाचे सोयरसुतक नाही' असे म्हणावयास वरची मंडळी मोकळी! सरकारी यादीत दिवस असला म्हणजे मालकापाशी निदान तोंड उघडता येते. वारली, कोकणा, धोडिया माणसाच्या जमिनीवर जे कारखाने उभे राहिले, त्यांनी त्या जमिनीच्या मुक्तीच्या दिवशी भरपगारी दोन तास दिले तर कोणाचे दिवाळे वाजेल?

आता दुकानदारांविषयी. त्यांच्यावर तुटून पडणे सोपे आहे; आम्ही तसे करणार नाही. गिऱ्हाईक मागते ते वाणी ठेवतो. २००२ पूर्वी सामान्य नागरिकास आपल्या घरावर वर्षभर ध्वज लावण्याची मुभाच नव्हती. ती मिळाली हे उत्तमच झाले. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरच्या व पॉलिस्टरच्या ध्वजासही परवानगी मिळाली, आणि पुढच्याच ऑगस्टात 'हर घर तिरंगा' म्हणून गल्लोगल्ली ध्वज पोहोचले. पॉलिस्टरचे सूत हा तर सिल्वासाच्या आसपासच्या गिरण्यांचा हातखंडा व्यवसाय. त्या धंद्याने येथील चुली पेटतात, तेव्हा त्यास नावे ठेवण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. तरीही ज्यास परवडेल त्याने खादीचा ध्वज घ्यावा. तो हुबळीच्या बेंगेरीस होतो, आपल्या नांदेडासही होतो. कर्नाटक सरकारशी आमचा तंटा असेल, बेंगेरीच्या भगिनींच्या सुईदोऱ्याशी नाही.

परंतु प्लास्टिकच्या झेंड्यांचे काय? १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकावयाच्या ज्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत प्लास्टिकचे झेंडे नाव घेऊन नमूद आहेत. राष्ट्रीय सन्मानासंबंधीचा १९७१ चा कायदा तर उशा, हातरुमाल व कमरेखालच्या वस्त्रावर ध्वज छापण्यास दंडनीय ठरवितो. हे नियम किती दुकानदारांस ठाऊक आहेत? आणि ठाऊक असून किती गिऱ्हाईक तो माल परत करतात? सोळा ऑगस्टच्या सकाळी गटारीच्या काठी जो तिरंगा पडलेला असतो, तो विकणाऱ्याने टाकलेला नसतो; आदल्या दिवशी हौसेने मिरविणाऱ्यानेच टाकलेला असतो.

आमच्याकडे १ नोव्हेंबरला बेळगावात लाल-पिवळ्या पताकांनी दुकाने भरतात. त्याच दिवशी मराठी माणूस दंडावर काळी फीत बांधून निघतो. ती फीत घरातल्याच जुन्या कापडाची असते, आणि मिरवणूक संपल्यावर ती कोणी गटारीत टाकीत नाही. घडी घालून पेटीत ठेवतो, पुढच्या वर्षी लागणार म्हणून.

२ ऑगस्ट हा दिवस दर वर्षीच्या यादीत असावा, आणि तो कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर नसावा, अशी आमची दादरा-नगर हवेली प्रशासनाकडे मागणी आहे. १९६० साली उंबरगावची ५० गावे ठाणे जिल्ह्यातून गुजरातेत गेली तेव्हापासून त्या टापूतील मराठी शाळांची जी ओढाताण होत आली, तिचा प्रपंच येथे करीत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मात्र सिल्वासाच्या ज्या शाळांत मराठी वर्ग आहेत तेथील शिक्षकांनी, सुट्टी असो वा नसो, १ ऑगस्टच्या शेवटच्या तासाला क्रमिक पुस्तक मिटून मुलांस १९५४ ची हकीकत सांगावी. आणि खडोलीच्या दुकानदारांनी यंदा प्लास्टिकचे झेंडे मागवू नयेत. दाराशी एक टोपली ठेवावी, १६ तारखेस लोकांनी आपले जुने, फाटके ध्वज तीत आणून द्यावेत, आणि त्यांची विल्हेवाट ध्वजसंहितेत सांगितल्याप्रमाणे, चारचौघांच्या नजरेआड, मानाने लावावी. टोपलीस खर्च असा कितीसा येतो!