अवकाशाचाही पंचनामा करा!

१२ जानेवारी २०२६ रोजी सकाळी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६२ हे रॉकेट उडाले. त्यात संरक्षण क्षेत्रासाठी बनविलेला 'अन्वेषा' हा मुख्य उपग्रह होता आणि त्याच्यासोबत देशी-विदेशी खासगी कंपन्यांचे व विद्यापीठांचे आणखी १५ उपग्रह होते. तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीस रॉकेट डगमगले, त्याने मार्ग सोडला आणि सगळी मोहीम वाया गेली. त्याच्या आठ महिने आधी, १८ मे २०२५ रोजी, पीएसएलव्ही-सी६१ हे रॉकेटही तिसऱ्याच टप्प्यात फसले होते. तीस वर्षे ज्या रॉकेटवर देशाने डोळे झाकून विश्वास टाकला, त्याच्या लागोपाठ दोन मोहिमा एकाच टप्प्यात अपयशी ठरल्या. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला.

धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्याने आणि शेतमजुराने याची काळजी का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. मे महिन्यात गेलेला ईओएस-०९ हा रडारवर चालणारा उपग्रह होता. रात्र असो वा ढगांचे दाट आवरण, जमिनीवरची स्थिती टिपणे हे त्याचे काम. शेती आणि आपत्ती व्यवस्थापन यांसाठीही तो उपयोगी पडणार होता. त्यानंतर चारच महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, परंडा आणि भूम तालुक्यांत हाहाकार उडाला. सीना नदीने काठ सोडले, माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले, सोयाबीन पाण्यात कुजले आणि कित्येक शेतांतील माती खरवडून गेली. ईओएस-०९ असता तर पूर टळला असता, असे कोणी म्हणणार नाही. देशाकडे रडारचे दुसरे उपग्रहही आहेत. पण ढगांखाली बुडालेल्या गावावर नजर ठेवणारा एक डोळा कमी झाला, एवढे खरे. शिवाय २०२३ पासून पीक विम्यात उत्पादनाचा अंदाज बांधताना उपग्रहाच्या माहितीला वजन दिले जाऊ लागले आहे. म्हणजे आकाशात काय बिघडते याचा हिशेब शेवटी आपल्या बांधावर येऊन पोहोचतो.

रॉकेट पडणे यात लाज नाही. १९७९ साली एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले आणि पुढच्याच वर्षी तेच रॉकेट यशस्वी झाले. पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण २० सप्टेंबर १९९३ रोजी कोसळले. त्यानंतर दहाच दिवसांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा भूकंपाने उद्ध्वस्त झाला. आपल्या लोकांना त्या महिन्यातले ते दुसरे संकटच आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. पण पहिल्या अपयशाचे पुढे काय झाले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. संगणकाच्या आज्ञावलीतील चूक शोधली गेली, ती जाहीर झाली आणि १५ ऑक्टोबर १९९४ रोजी पीएसएलव्हीने यश मिळविले. २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० फसले, तेव्हा झडपेतील गळतीचे कारण लोकांना सांगितले गेले. २०२२ मध्ये छोट्या एसएसएलव्हीचे पहिले उड्डाण फसले, तेव्हाही कारण सांगितले गेले.

मग सी६१ च्या वेळी काय झाले? तिसऱ्या टप्प्याच्या मोटारीतील दाब घटला एवढे सांगण्यात आले, समिती नेमली गेली. पण सी६२ उडाले त्या दिवसापर्यंत त्या समितीचा अहवाल जनतेपुढे ठेवला गेला नव्हता. आधीच्या बिघाडाचे पुरते कारण लोकांना न सांगता त्याच जातीच्या रॉकेटवर १६ उपग्रह चढविण्यात आले. ही बाब गंभीर आहे.

या मौनाची वेळही बघा. अवकाश क्षेत्र बाजारासाठी खुले केले जात असतानाच हे मौन वाढते आहे. २०१९ मध्ये व्यापारी उड्डाणांसाठी न्यू स्पेस इंडिया ही सरकारी कंपनी आली, २०२० मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडले, २०२३ मध्ये अवकाश धोरण जाहीर झाले, २०२४ मध्ये परकीय भांडवलाला मोकळीक मिळाली. घोषणांना तोटा नाही, उड्डाणांना मात्र उशीर आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्याशी २०२२ मध्ये पाच पीएसएलव्ही बांधण्याचा करार झाला. त्यातले पहिले रॉकेटही २०२५ संपेपर्यंत उडाले नव्हते. अग्निकुल या कंपनीचे चाचणी रॉकेट वारंवार रद्द होऊन ३० मे २०२४ रोजी एकदाचे उडाले. स्कायरूटने २०२२ मध्ये छोटे रॉकेट उडविले, पण उपग्रह कक्षेत नेणारे तिचे मोठे रॉकेट २०२५ अखेरपर्यंत जमिनीवरच होते. तरुण अभियंत्यांच्या या धडपडीची आम्ही टिंगल करीत नाही. अवघड काम उशिराने होते. प्रश्न हिशेबाचा आहे.

अमेरिकेत खासगी कंपन्यांचेही अपघात झाले. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी व्हर्जिन गॅलेक्टिकचे पर्यटक यान चाचणीत मोडले आणि एक वैमानिक मरण पावला. मालक अब्जाधीश होता, यान खासगी होते. तरी सरकारी तपास मंडळाने २०१५ मध्ये उघड बैठक घेऊन सहवैमानिकाची चूक आणि ती गृहीत न धरणाऱ्या यान बनविणाऱ्या कंपनीची बेफिकिरी, दोन्ही जगासमोर मांडले. भांडवलशाहीच्या त्या देशात खासगी यानाची चौकशी जाहीर होते आणि आपल्याकडे जनतेच्या पैशाने उभ्या राहिलेल्या रॉकेटचा अहवाल कपाटात राहतो!

कोणी म्हणेल, उपग्रह संरक्षणाचा होता, गुपित फोडायचे काय? उपग्रह काय पाहणार होता हे खुशाल गुप्त ठेवा. पण ज्या रॉकेटची सेवा जगभरच्या गिऱ्हाइकांना विकता, त्याची मोटार का बिघडली हे गुपित कसे होऊ शकते? मोहिमेआधी रॉकेटची प्रतिकृती तिरुपतीच्या चरणी ठेवण्याची प्रथा मात्र गुपित नाही, तिची छायाचित्रे छापून येतात. पूजेने तिसरा टप्पा दुरुस्त होत नाही, चिकित्सेने होतो. आणि चिकित्सा चारचौघांत झाली तरच तिच्यावर विश्वास बसतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. २०२० च्या खरिपात इथले सोयाबीन पावसाने गेले. शेतकऱ्याने ७२ तासांत नुकसान कळविले नाही, या कारणावरून लाखो दावे अडविले गेले. ज्याच्या शिवारात गुडघाभर पाणी आणि घरात वीज नाही, त्याने तीन दिवसांत पुरावा द्यायचा होता! अखेर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांच्या भरपाईचा आदेश द्यावा लागला. आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या भूमिहीन मजुराच्या बुडालेल्या मजुरीचा तर कोणताच पंचनामा होत नाही. तो उपग्रहालाही दिसत नाही. गरिबाला ७२ तास आणि अवकाश खात्याला आठ महिनेही अपुरे, हा कुठला न्याय?

पीएसएलव्ही ही कोणा शेठजीची मिळकत नाही. काडेपेटीवरही कर भरणाऱ्या जनतेने ती उभी केली. तिच्या मोटारींची आवरणे बनविणाऱ्या कारखान्यांत आपल्या वालचंदनगरचे नाव आहे. हीच मिळकत आता व्यापारासाठी वापरली जाणार असेल, खासगी कंपन्या तिच्या जोरावर उभ्या राहणार असतील आणि त्या कंपन्यांत आरक्षण नसल्याने आपल्या मुलांना दारातच थांबावे लागणार असेल, तर जनतेने तोटा तेवढा सोसायचा आणि प्रश्न विचारायचा नाही, हे आम्हाला मान्य नाही.

आमची मागणी साधी आहे. दोन्ही अपयशांचे अहवाल संसदेपुढे ठेवा. यापुढे कोणतीही मोहीम फसली, सरकारी असो वा खासगी, तर ठरलेल्या मुदतीत कारण जाहीर करण्याचे बंधन कायद्याने घाला. पुरात वाहून गेलेल्या शेताचा पंचनामा तलाठी करतो. अवकाशात वाहून गेलेल्या जनतेच्या पैशाचाही पंचनामा झालाच पाहिजे.